आकाशवाटा बंद झाल्या तेव्हा

एखाद्या छंदाने बांधली गेलेली माणसे एकत्र जमतात ती बहुधा परक्याच्या जागेत. बुद्धिबळ खेळणारे वाचनालयाच्या व्हरांड्यात बसतात, नाणी जमविणारे रविवारी एखाद्या शाळेच्या वर्गात भेटतात, ताऱ्यांची हौस असणारे कुणाच्या तरी गच्चीचा आसरा घेतात. आणि अलीकडे यांतील बहुतेकांची खरी बैठक भरते ती कुणा दूरदेशीच्या कंपनीने मोबाइलवर फुकट देऊ केलेल्या जागेत. जागा फुकट असते तोवर तिचा मालक कोण, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. व्यापारात मुरलेल्या घरांनाही तो पडत नाही, याचे नवल वाटते. दुकानाचा भाडेकरार जे डोळ्यांत तेल घालून वाचतात, तेच आपल्या हौसेच्या बैठकीचा करार न वाचता ‘मान्य’ म्हणून मोकळे होतात. मग एके दिवशी मालक कुलूप लावतो. शेकडो माणसांची रोजची ऊठबस संपते, आणि वर्षानुवर्षे ज्यांच्याशी बोललो त्यांचे खरे नाव-गाव आपल्याला ठाऊकच नव्हते, हे तेव्हा उमगते.

अशा वेळी त्या माणसांनी काय करावे, याचा विचार करताना शंभर वर्षांपूर्वीची एक हकिगत फार उपयोगी पडते. ज्यांची बैठकच मुळी आकाशात भरत असे, अशा हौशी मंडळींची ही हकिगत आहे. त्यांच्या बैठकीला एकदा नव्हे, एका पिढीच्या आत दोनदा कुलूप लागले. पहिल्या वेळी अमेरिकेत, दुसऱ्या वेळी जवळजवळ साऱ्या जगात. आणि त्या दुसऱ्या वेळी आपली मुंबईही त्यात सापडली.

हॅम रेडिओ हे नाव अनेक वाचकांनी ऐकले असेल. सरकारचा परवाना घेऊन, स्वतःच्या घरी बिनतारी यंत्र बसवून, दूरच्या अनोळखी माणसाशी संधान बांधायचे, असा हा छंद. प्रत्येकाला अक्षरे व अंक मिळून झालेली एक खूण मिळते, तिला कॉल साइन म्हणतात. तीच आकाशातली त्याची ओळख. या छंदाचा एक दंडक मात्र आपल्यासारख्यांना गमतीचा वाटेल: यातून पैसा मिळवायचा नाही. निरोप कितीही मोलाचा असो, पोहोचविणाऱ्याने त्याचे दाम घ्यायचे नाही. जगभर हा नियम आजही आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत शाळकरी पोरांपासून प्रौढ अभियंत्यांपर्यंत अनेकांनी हा नाद लावून घेतला होता. तांब्याच्या तारेची वेटोळी, ठिणगी पाडणारे यंत्र, गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाचा खडा आणि कानाला लावायचे श्रवणयंत्र, एवढ्या सामग्रीवर रात्री कडकट्ट सुरू होई. १९१२ साली तेथील सरकारने कायदा केला आणि या हौशींना दोनशे मीटर व त्याखालच्या तरंगलांबीपुरते मर्यादित केले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे इतक्या लहान लहरी काहीच कामाच्या नव्हत्या. गावाबाहेरची खडकाळ जमीन एखाद्याला आंदण द्यावी, तसा हा प्रकार. त्या खडकाळ जमिनीतून पुढे काय निघाले ते येईलच.

कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड शहरात हिराम पर्सी मॅक्सिम नावाचे गृहस्थ राहत. त्यांच्या वडिलांनी मशिनगन शोधून काढली. चिरंजीवांनी बंदुकीचा आवाज दाबणारा सायलेन्सर शोधला. आवाज दाबण्याच्या व्यवसायावर ज्यांचे घर चालले, त्या गृहस्थांचे नाव पुढे हजारो माणसांचा आवाज परत मिळवून देण्यासाठी स्मरले जावे, हा योग मोठा विलक्षण म्हणावा लागेल. १९१४ साली त्यांना एक निर्वात नळी विकत घ्यायची होती. ती मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड गावच्या एका हौशीकडे होती. अंतर जेमतेम पंचवीस-तीस मैल. पण त्या रात्री मॅक्सिम यांचा आवाज तेथवर पोहोचेना. वाटेतल्या विंडसर लॉक्स गावी एक हौशी जागा होता. त्याने निरोप घेतला आणि पुढे दिला.

एकाचा आवाज जेथे संपतो तेथून दुसऱ्याने उचलावा, ही कल्पना हुंडीच्या व्यवहाराला फार जवळची आहे. एका गावच्या पेढीने लिहून द्यावे आणि दुसऱ्या गावच्या पेढीने ते सकारावे, मधे असतो तो फक्त परस्परांच्या पतीचा धागा. मॅक्सिम यांनी तरुण क्लॅरन्स टस्का याला हाताशी धरून त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली. टस्का तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होता. लीगने आरंभीच एक साधे काम केले. सभासदांच्या केंद्रांची यादी छापली: नाव, पत्ता, कॉल साइन, यंत्राचा पल्ला. डिसेंबर १९१५ पासून ‘क्यूएसटी’ नावाचे मासिक निघू लागले. बिनतारी सांकेतिक भाषेत या तीन अक्षरांचा अर्थ ‘सर्व केंद्रांना उद्देशून’ असा होतो. मासिकाची मालकी लीगची नव्हती, टस्काची होती. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, तो पुढे कामास येणार आहे.

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, आणि हौशींच्या घरी सरकारी आज्ञा आल्या. केंद्र बंद करा, यंत्रे सोडवून ठेवा, उंच बांधलेली तार खाली उतरवा. केवळ बोलणेच बंद झाले असते तर निदान ऐकत बसता आले असते. पण ऐकण्याचीही मनाई होती. परवानाधारक हौशी सुमारे सहा हजार होते. आज्ञा मिळाल्यावर छपरावरून तार उतरविताना त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना पिढीजात दुकानाची पाटी उतरविताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना करता येईल.

सरकारचा अविश्वास अगदी निराधार होता असे नाही. शत्रूचा हेर आणि गच्चीवरचा हौशी यांची यंत्रे सारखीच असतात. परंतु त्याच सरकारला हौशींच्या कानांचा अनुभवही नुकताच आला होता. १९१५ साली न्यू जर्सीच्या चार्ल्स अपगर नावाच्या हौशीने लाँग आयलंडवरील सेव्हिल येथील जर्मन मालकीच्या केंद्राचे संदेश मेणाच्या नळकांड्यांवर टिपून सरकारच्या हवाली केले होते. अमेरिका तेव्हा तटस्थ होती, आणि अशा केंद्रावरून युद्धाचे निरोप जात असल्यास तो मोठाच गुन्हा ठरे. ते केंद्र लौकरच नौदलाने ताब्यात घेतले. आपल्या घरात, स्वतःच्या खर्चाने, केवळ हौसेपोटी कानांना लावलेली शिस्त ही राष्ट्राच्या भांडवलात जमा धरण्याजोगी वस्तू आहे, हे अधिकाऱ्यांपैकी काहींना तरी कळले होते.

म्हणूनच यंत्रे बंद झाली तरी माणसे बंद पडली नाहीत. सैन्याला आणि नौदलाला बिनतारी जाणणारे हजारो तरुण हवे होते, आणि ते शिकविण्यास वर्ष-सहा महिने थांबण्याइतकी सवड नव्हती. हौशी हजारोंनी दाखल झाले. नौदलाने हार्वर्ड विद्यापीठात रेडिओची शाळा उघडली. मेन राज्याच्या किनाऱ्यावर अलेस्सांद्रो फाब्री या धनिक हौशीने ऑटर क्लिफ्स येथील आपले केंद्र नौदलाला देऊन टाकले. युरोपातून येणारे संदेश टिपण्यात ते केंद्र अग्रगण्य ठरले. एडविन आर्मस्ट्राँग हाही मूळचा घरच्या माळ्यावर यंत्रे मांडणारा हौशी. १९१८ साली पॅरिसमध्ये लष्कराच्या नोकरीत असताना त्याने सुपरहेटरोडाइन संग्राहकाची रचना बसविली. पुढे घराघरांत आलेला रेडिओ त्याच तत्त्वावर चालला.

एवढ्यावरून सर्व काही आपोआप सुरळीत झाले असे मात्र कुणी समजू नये. माणसे कर्तबगारी गाजवीत होती, पण मंडळ मरणाच्या दारात होते. ‘क्यूएसटी’चा सप्टेंबर १९१७ चा अंक निघाला आणि मासिक थांबले. वर्गणी नाही, जाहिराती नाहीत, वाचक सैन्यात. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपले, तरी मनाई उठली नाही. उलट बिनतारी संदेशवहनाची साऱ्या देशाची मक्तेदारी नौदलाकडे द्यावी, अशा अर्थाचे विधेयक काँग्रेससमोर आले आणि नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स यांनी त्याची जोरदार तरफदारी केली. ते संमत झाले असते तर हौशींचे कुलूप कायमचे झाले असते. युद्धापुरती म्हणून घेतलेली वस्तू युद्धानंतर परत द्यायला सरकारे नाखूश असतात. हा अनुभव कुठल्याही देशातील व्यापाऱ्याला नवा नाही.

येथे ती छापील यादी उपयोगी पडली. सभासद कुठे कुठे पांगले होते, पुष्कळ जण अजून समुद्रापार होते. पण घरचे पत्ते लीगच्या दफ्तरी होते. मुलाच्या नावाने गेलेले पत्र आईवडिलांच्या हाती पडले तरी काम होत असे, कारण मतदार तेच होते. काँग्रेसच्या सभासदांकडे विरोधाच्या पत्रांचा पाऊस पडला. मॅक्सिम स्वतः समितीपुढे जाऊन साक्ष देऊन आले. विधेयक बारगळले.

मग पैशाचा प्रश्न. १९१९ च्या प्रारंभी लीगची तिजोरी जवळजवळ रिकामी होती, मासिक बंद होते, आणि वर सांगितल्याप्रमाणे ते मासिक लीगचे नव्हतेच. संचालकांनी ठरविले की मासिक टस्काकडून विकत घ्यायचे. यापुढे आपली बोलण्याची जागा आपल्याच मालकीची असली पाहिजे. त्यासाठी त्यांनी धनिकाकडे देणगी मागितली नाही, बँकेचे दार ठोठावले नाही. माजी सभासदांना कर्जरोखे विकले. ज्यांची यंत्रे अजून खोक्यांत बंद होती, जे कायद्याने एक अक्षरही आकाशात सोडू शकत नव्हते, ज्यांना परवाना परत मिळेल की नाही याचा भरवसा नव्हता, त्यांनी हे रोखे घेतले.

या रोख्यांचा विचार मी अनेकदा केला आहे. धंद्याच्या काटेकोर हिशेबाने पाहिले तर हे कर्ज देण्यालायक नव्हते. तारण काय? एक बंद पडलेले मासिक आणि पत्त्यांची एक यादी. परंतु आपल्या वाडवडिलांनी तरी केवळ तारण पाहून पैसे दिले होते काय? परगावी नव्याने दुकान टाकणाऱ्या नातलगाला, आगीत माल जळालेल्या शेजाऱ्याला जे दिले, ते माणूस पाहून दिले. आणि देणगी न मागता कर्ज मागण्यात लीगच्या संचालकांनी जे शहाणपण दाखविले, त्याचे मला फार कौतुक वाटते. देणगी देणारा देऊन विसरतो. रोखा घेणारा दर महिन्याला विचारतो की काम कुठवर आले. विखुरलेल्या माणसांना पुन्हा एका दोरीने बांधायचे तर दुसऱ्या प्रकारची माणसेच हवीत. केनेथ वॉर्नर यांना पगारी सचिव नेमले आणि मासिक पुन्हा निघू लागले. एप्रिल १९१९ मध्ये ऐकण्याची मोकळीक मिळाली होती. संदेश पाठविण्याची मनाई ऑक्टोबर १९१९ मध्ये उठली.

परत आलेली मंडळी गेली तशी आली नव्हती. ठिणगीच्या यंत्रांची जागा आता निर्वात नळ्यांनी घेतली, कारण सैन्यात त्यांनी त्याच हाताळल्या होत्या. डिसेंबर १९२१ मध्ये लीगने पॉल गॉडली याला संग्राहक देऊन अटलांटिकपार पाठविले. स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन या गावी, हिवाळ्याच्या पावसापाण्यात तंबू ठोकून बसलेल्या त्या माणसाने अमेरिकन हौशींचे संकेत ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरातील लेआँ दलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल व जॉन रेनार्ट्झ यांच्यात दोन्ही बाजूंनी बोलणे झाले, तेही सुमारे शंभर मीटरच्या लहरींवर. निरुपयोगी म्हणून आंदण दिलेल्या खडकाळ जमिनीत खाण निघाली होती. मग मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारे त्या लघुलहरींकडे धावली, हे सांगायला नको.

दुसरी बंदी १९३९ ची. ब्रिटनमध्ये युद्ध जाहीर होण्याच्या उंबरठ्यावरच हौशींचे परवाने रद्द झाले आणि टपालखात्याची माणसे घरोघरी जाऊन प्रक्षेपक उचलून घेऊन गेली. तेथील रेडिओ सोसायटीने पहिल्या युद्धापासून धडा घेतलेला दिसतो. सोसायटीचे काम सचिव जॉन क्लॅरिकोट्स यांच्या राहत्या घरातून चालू राहिले आणि मासिक पत्रिका थांबू दिली गेली नाही. सैन्यात गेलेले सभासद कोठे आहेत याची वार्ता त्या पत्रिकेतून नियमित मिळे. ज्यांना एक शब्दही प्रसारित करता येत नव्हता अशा मंडळाची सभासदसंख्या युद्धाच्या सहा वर्षांत घटली नाही, चांगलीच वाढली. हे वाचून प्रथम आश्चर्य वाटते. पण थोडा विचार करता कारण सापडते. सैन्यात बिनतारी शिकलेल्या नव्या मुलांना, युद्ध संपल्यावर आपण हे हौसेने करू, असे सांगणारी एक जागा कागदावर तरी शिल्लक होती.

या हौशींपैकी सुमारे दीड हजारांना सरकारने गुपचूप एक काम दिले. बोलायचे नाही, फक्त ऐकायचे. आपल्या घरी, आपल्या खोलीत, ठरवून दिलेल्या लहरींवर जर्मन हेरखात्याचे क्षीण संकेत टिपायचे आणि कागद ‘पेटी क्रमांक २५, बार्नेट’ या साध्या टपाली पत्त्यावर पाठवून द्यायचे. पुढे त्याचे काय होते, हे त्यांना सांगितले जात नसे. घरच्यांनाही काही सांगायची मुभा नव्हती. धडधाकट माणूस सैन्यात न जाता रात्रभर खोलीत दार लावून बसतो, म्हणून शेजारी नाके मुरडत. काहींवर तर हेर असल्याचा संशयही आला. ते कागद तेथून ब्लेचली पार्कला, गुप्तलिपी उलगडणाऱ्यांच्या टेबलावर जात. यांतल्या अनेकांनी युद्ध संपल्यानंतरही दशकेच्या दशके तोंड उघडले नाही. गप्पा मारण्याच्या छंदाची माणसे ती!

आता आपल्या देशाकडे वळू. हिंदुस्थानात हा छंद आला तो कलकत्त्यास. अमरेंद्र चंद्र गुप्तू यांना १९२१ साली पहिला परवाना मिळाला, त्याच वर्षी मुकुल बोस यांना दुसरा. आणि दोघांमुळे येथे दुहेरी बोलणे सुरू झाले. नंतरच्या पंधरा वर्षांत वाढ मात्र अत्यल्प झाली. १९३० च्या दशकाच्या मध्यावर साऱ्या देशात पन्नासही परवानाधारक नव्हते, आणि त्यांतील बहुसंख्य ब्रिटिश लष्करी अधिकारी होते. १९३९ मध्ये नवे परवाने बंद झाले आणि असलेल्यांना आपली यंत्रे पोलिसांत जमा करण्याचे लेखी हुकूम आले. अमेरिकेत सहा हजार माणसे, त्यांच्या मागे त्यांची घरे, घरांमागे मतपेटी. येथे मूठभर माणसे, त्यांतही बहुतेक बदलीची नोकरी करणारी. आणि सरकार परके. रोखे घेणार कोण, आणि पत्र लिहायचे तरी कोणत्या लोकप्रतिनिधीला?

तरीही मुंबईत या छंदातील कौशल्य दडून राहिले नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ची हाक उठली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या. बावीस वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी आदी तरुणांनी गुप्त नभोवाणी चालविण्याचे ठरविले. पैसा उभा राहिला, धैर्य तर होतेच. पण प्रक्षेपक जुळविणार कोण? हे ज्ञान बाजारात विकत मिळत नव्हते. ते होते फक्त त्या मूठभर हौशींच्या हातांत. नरिमन प्रिंटर हे अशांपैकी एक. त्यांच्या हातून यंत्र उभे राहिले. शिकागो रेडिओ या पेढीच्या नानिक मोटवाने यांनी सामग्री व तंत्रज्ञ पुरविले. ४२.३४ मीटरवर, ‘हिंदुस्थानातील कोठून तरी’ एवढाच पत्ता सांगत, काँग्रेस रेडिओ बोलू लागला. चौपाटीजवळच्या सी व्ह्यू इमारतीपासून आरंभ करून, पोलिसांना हुलकावणी देत, जागा वारंवार बदलली गेली.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी महालक्ष्मीच्या बाजूस असलेल्या शेवटच्या जागेवर धाड पडली. प्रिंटर त्याआधीच पोलिसांच्या हाती लागले होते आणि ठावठिकाणा त्यांच्याकडूनच फुटला, असे उषाबेनच्या बाजूने सांगितले गेले आहे. ज्याच्या हातांनी यंत्र जुळले त्याच्याकडूनच ते हरपले. या माणसाला थोर म्हणावे की दुबळे, याचा निकाल देण्याची घाई मला करवत नाही. तुरुंगाच्या दारात उभे न राहिलेल्याने तो देऊही नये. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, बाबूभाईंना पाच वर्षांची. मोटवाने व विठ्ठलदास झवेरी निर्दोष सुटले. एका व्यापारी पेढीने आपल्या मालाबरोबर आपली मानही त्या कामात गुंतविली होती, हे आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

युद्धानंतर १९४६ मध्ये हौशींना पुन्हा मोकळीक मिळाली. पण आधीच्या पन्नासांतील अधिकारी आता मायदेशी जाण्याच्या तयारीत होते. १५ मे १९४८ रोजी मध्य भारतातील महू येथे, लष्कराच्या सिग्नल शाळेत अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडियाचे उद्घाटन झाले. पुढे कार्यालय दिल्लीस गेले आणि १९५४ मध्ये नाव बदलून अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया असे झाले. युरोप-अमेरिकेत जुनी वही उघडून पुढचे पान लिहिणे चालू होते. येथे वहीच नवी घालावी लागली.

वहीचा उल्लेख आलाच आहे, तर थोडे अवांतर. आपल्या घरांतून हल्ली छंदांची वाण नाही. जुनी नाणी, तिकिटे, गडभ्रमंती, रांगोळी, पाककृती, दुर्मिळ हस्तलिखितांची छायाचित्रे; सुनांपासून आजोबांपर्यंत प्रत्येकाचा एखादा गोतावळा आहे आणि तो खिशातल्या यंत्रात राहतो. यांपैकी किती जणांपाशी आपल्या गोतावळ्याची नावे, गावे, पत्ते कागदावर उतरविलेले आहेत, हे एकदा विचारून पाहावे. दिवाळीत चोपडीपूजन करणाऱ्या घरांना वहीचे माहात्म्य मी काय सांगणार! येणी-देणी आपण दोन ठिकाणी लिहून ठेवतो. स्नेह मात्र एकाच ठिकाणी, तोही दुसऱ्याच्या तिजोरीत. लीगचे मॅक्सिम या बाबतीत आपल्यापेक्षा चांगले मुनीम होते.

आपल्याकडील हौशींची संख्या फार हळूहळू वाढली. यंत्रे महाग होती. १९८४ च्या सुमारास आयातकरात सवलत मिळाल्यावर थोडा जोर आला. राजीव गांधी हे स्वतः परवानाधारक हौशी होते. या छंदाची समाजाला जाणीव झाली ती मात्र संकटांच्या दिवसांत. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये धरणी हादरली, भुजचे दूरध्वनी मुके झाले, आणि आपल्यापैकी ज्यांची मूळ गावे कच्छात आहेत त्यांना ते दिवस सांगायला नकोत. मुंबईच्या घरात बसून गावी राहिलेल्या काकांची खबर मिळेना. तेव्हा ठिकठिकाणचे हौशी बॅटऱ्या आणि तारा पाठीवर बांधून तेथे गेले होते.

आणि अंदमान. त्या बेटांवरून हौशी केंद्र चालविण्यास अनेक वर्षे परवानगी मिळत नव्हती. जगभरच्या हौशींच्या दृष्टीने ती आकाशातली बंद खोली होती; नकाशावर आहे, पण दार वाजविले तर आतून उत्तर नाही. २००४ च्या डिसेंबरात हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद यांनी दीर्घ पाठपुराव्यानंतर तो परवाना मिळविला आणि सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला जाऊन यंत्र मांडले. निव्वळ हौसेचे काम होते. देशोदेशीचे हौशी त्यांच्याशी क्षणभर बोलून आपल्या नोंदवहीत अंदमानचे नाव लिहिण्यासाठी रांग लावून होते, आणि हजारोंना ते साधलेही. २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हादरली, मागोमाग समुद्र आला. बेटांचा मुख्य भूमीशी असलेला दूरध्वनीचा संबंध तुटला. भारती प्रसाद यांनी यंत्र बाहेर काढून पुन्हा जोडले आणि हौशी रांगेला बाजूला होण्यास सांगितले. पुढचे कित्येक दिवस त्या कॉल साइनवरून मुख्य भूमीकडे जात राहिले ते कोण कोठे सुखरूप आहे याचे निरोप; आणि दूर अंतरावरच्या अनोळखी हौशींनी ते उतरवून घेऊन, एकाही पैशाची अपेक्षा न ठेवता, ज्याच्या त्याच्या घरी पोहोचविले.